दोन साखळ्या पूर्वेला

१

"विनीता, फलक गेला," पास्टर हेन्ड्रिक्स फोनवर म्हणाले. "रस्त्याकडेचा आपला फलक कोणीतरी काढून नेलाय."

१९८६च्या ऑक्टोबरमधला गुरुवार होता, सकाळचे साडेआठ. आयोवा राज्यातल्या मार्लो नावाच्या लहानशा गावात मी लायब्रेरियन होते. गावाच्या इतिहासाची चार कपाटं माझ्या ताब्यात असल्यामुळे जुनं काही हरवलं की लोक पोलिसांच्या आधी मला फोन करत. मी गाडीची किल्ली घेतली, तेवढ्यात बाबा बूट घालून दारात उभे राहिलेले दिसले.

माझे वडील त्र्यंबक देवस्थळी. भूमी अभिलेख खात्यात पस्तीस वर्षं सातारा-सोलापूरच्या जमिनी मोजून निमतानदार, म्हणजे मोजणी तपासणारे अधिकारी, म्हणून रिटायर झालेले. दोन महिन्यांपूर्वी ते पहिल्यांदाच अमेरिकेत आले होते आणि पार कंटाळले होते. माझा नवरा नरेंद्र कामाला गेला की ते माझ्याबरोबर लायब्ररीत येऊन बसत आणि भिंतीवरचे काउंटीचे नकाशे वाचत. लोक कादंबरी वाचतात ना, तसे. मधूनच "वा!" म्हणत.

चर्च गावापासून चार मैलांवर होतं. १८४७ साली, या बाजूला गोऱ्या लोकांची वस्ती नुकती सुरू झालेली असताना, बारा कुटुंबांनी चुनखडीचे दगड फोडून ते बांधलं होतं. रस्ता सरळ उत्तर-दक्षिण. त्याच्या पूर्वेला चर्चचं मोठं अंगण आणि आत दीडशे फुटांवर चर्च, पश्चिमेला मक्याचं शेत. अंगणाच्या कडेला, रस्त्याला लागून, तो ओतीव धातूचा फलक होता. मला तो पाठ होता:

'जून १८५२ मध्ये पश्चिमेकडे निघालेल्या वॅगनींमधील अकरा प्रवासी पटकीने येथे मरण पावले. या चर्चच्या लोकांनी त्यांना आपल्या छताखाली घेऊन त्यांची शुश्रूषा केली. या जागेपासून दोन साखळ्या पूर्वेला ते विसावले आहेत.'

आता तिथे नुसते दोन लोखंडी खांब उभे होते.

"सोमवारी रस्त्याची मीटिंग आणि आज हे," पास्टर म्हणाले. उंच, वाकलेले, कायम थकल्यासारखे दिसणारे गृहस्थ. बाबांना कळावं म्हणून त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. रस्ता चौपदरी होणार होता आणि त्यासाठी अंगणाची एकशे चाळीस फूट पट्टी जाणार होती. तिथे थडगी असती तर रस्त्याला सरकावं लागलं असतं. पण गेल्या महिन्यात इंजिनियरने फलकापासून, साखळीच्या जुन्या मापाप्रमाणे, दोन साखळ्या मोजून चर घेतला, तर खाली नुसती माती. सोमवारी 'थडगी नाहीत' असा शेरा पडला की विषय संपणार होता.

बाबांचं अर्धं लक्ष खांबांकडे होतं. ते गुडघ्यावर बसले.

"विनू, हे बघ. बोल्ट."

चारही बोल्ट खांबांच्या भोकांत परत बसवलेले होते. त्यांवर नट फिरवलेले. वर तेलाचा हात.

"चोर फलक काढतो आणि बोल्ट जागच्या जागी लावून ठेवतो, कशासाठी?" बाबा उठत म्हणाले. "हरवू नयेत म्हणून. याला फलक परत लावायचाय."

२

दहाच्या सुमारास इंजिनियर कार्लसन आला. तिशीतला, गोरापान, शर्टाच्या खिशात चार पेनं. आपल्यावरच संशय येणार हे त्याला ठाऊक असावं, कारण गाडीतून उतरता उतरताच तो म्हणाला, "फलक मी नेलेला नाही. मला तो नेऊन काय करायचाय? त्याच्यावरून मोजूनच तर माझा मुद्दा सिद्ध झाला."

बोलणं उद्धट होतं, पण खोटं नव्हतं.

"तुम्ही कसं मोजलंत?" बाबांनी विचारलं. त्यांचं इंग्रजी सरकारी पत्रासारखं, प्रत्येक शब्द पूर्ण.

"स्टीलच्या टेपने. इथपासून थेट पूर्वेला. चर त्या पायऱ्यांसमोर."

"मी चालून बघितलं तर चालेल?"

कार्लसनने खांदे उडवले. बाबांनी खांबाला पाठ लावली, पूर्वेकडे तोंड केलं आणि चालायला लागले. त्यांचं पाऊल तीस इंचांचं. टेपपेक्षा त्यावर त्यांचा जास्त विश्वास. सव्वीस पावलं झाली आणि ते थांबले. पायऱ्या अजून तेवढ्याच लांब होत्या.

"दोन साखळ्या," ते म्हणाले.

कार्लसन मोठ्याने हसला. "सर, एक साखळी म्हणजे सहासष्ट फूट! दोन म्हणजे एकशे बत्तीस. तुम्ही निम्मंच अंतर गेलात."

बाबांच्या चेहऱ्यावर एकदम ओशाळलेपण आलं. "खरंच की," ते मला मराठीत म्हणाले. "आपल्याकडची साखळी तेहतीस फुटांची. सोळा आणे म्हणजे एक साखळी, साखळीचा चौरस म्हणजे गुंठा. पस्तीस वर्षांची सवय गं, पाय आपोआप थांबले. इथली साखळी आपल्या दोन साखळ्यांएवढी."

त्यांनी परत फिरायला पाऊल उचललं आणि तसंच हवेत धरलं.

आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता. सगळ्या अंगणातलं दव आता उडालं होतं. फक्त बाबांच्या पायांपुढे ओले, करडे पट्टे शिल्लक होते. एकाशेजारी एक. जमीन तिथे बोटभर बसलेली होती, इतकी थोडी की तिरपं ऊन नसतं तर दिसलीही नसती. मी मोजायला लागले. नऊ... दहा... अकरा.

कार्लसन घसा साफ करत म्हणाला, "पाण्याने जमीन अशी बसते कधी कधी."

"एका ओळीत?" बाबा म्हणाले. त्यांनी वाकून गवत चाचपलं. "बाकीचं गवत मशीनने कापलंय, इथलं हाताने, कात्रीने. अंगण कोण सांभाळतं?"

"एडना क्रॉली," पास्टर म्हणाले. "अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. मशीन इथे रुततं म्हणून हाताने कापते, असं म्हणतात त्या."

बाबा मान हलवत राहिले. "विनू, माप चुकीचं धरलं आणि जागा बरोबर सापडली. असं होत नाही. मापं चुकली की जागा चुकते. म्हणजे अजून काहीतरी चुकलेलं आहे, आणि तेही बरोब्बर एका साखळीने."

३

पास्टरांचा संशय रॉय बेकरवर होता. चर्चपासून अर्ध्या मैलावर रॉयचा पेट्रोल पंप आणि गॅरेज. रस्ता दुसरीकडून वळवला तर पंपावरून गाड्या जाणार नाहीत, म्हणून 'थडगी-बिडगी काही नाहीत' हे तो गावभर सांगत फिरायचा.

आम्ही गेलो तेव्हा तो ट्रॅक्टरखाली झोपून काम करत होता. सरपटत बाहेर आला, हात पुसत बाबांकडे बघत राहिला.

"मी चोरला म्हणतायत ना? म्हणू देत. पण काल दुपारभर पाऊस झालाय. माझा ट्रक त्या अंगणाच्या कडेला नेला असता तर वीतभर खोल चाकोऱ्या पडल्या असत्या. दिसल्या तुम्हाला?"

"नाही," बाबा म्हणाले. "एकच रेघ दिसली. बारीक, एका चाकाची. खांबांपासून चर्चच्या मागपर्यंत."

मी चमकून त्यांच्याकडे बघितलं. मला ती दिसली नव्हती.

रॉय खांद्यावरचं फडकं काढून पायरीवर बसला. "हे बघा, मिस्टर डेव," असं त्याने बाबांचं नाव करून टाकलं, "माझा पणजोबा त्या बारा कुटुंबांतला. माझ्या आजीची आई त्या अकरा लोकांना पाणी पाजायला जायची. घरचे नको म्हणत असताना. ही गोष्ट मी लहानपणी शंभरदा ऐकलीय. गेल्या महिन्यात चरात काही निघालं नाही तेव्हा सगळ्यात जास्त राग मला आला. म्हटलं, आपल्याला थापा मारत होते."

"थापा नव्हत्या," बाबा म्हणाले. "एक सांगा. हा रस्ता किती रुंद?"

"डांबर चोवीस फूट."

"डांबर नको. हद्द."

"कुंपणापासून कुंपणापर्यंत? सहासष्ट. या भागातले जुने रस्ते सगळे तेवढेच, एक साखळी. पश्चिमेचं शेत माझंच आहे, कुंपण मीच घातलंय."

बाबांनी डोळे मिटले. वीस सेकंद तरी ते तसेच उभे होते. मी लहान असताना एखादा हद्दीचा तंटा सुटायला आला की ते अंगणात असेच उभे राहत. डोळे उघडून ते म्हणाले, "विनू, चल. तुझी कपाटं उघड."

४

लायब्ररीत फलकाची फाईल होती. तिच्यात दोनच महत्त्वाच्या गोष्टी निघाल्या.

पहिली, १९३८ सालच्या उद्घाटनाचा फोटो. टोप्या घातलेले लोक, मधे नवाकोरा फलक, मागे चर्च. हा फोटो मी वर्षभर काउंटरच्या मागे लावून ठेवला होता आणि रोज बघत होते.

"चर्च केवढंसं दिसतंय," बाबा म्हणाले. "आणि लोकांच्या पायांमागे हे काय?"

मी भिंग आणलं. फलक आणि चर्च यांच्यामध्ये, लोकांच्या मागे, मातीत दोन समांतर चाकोऱ्या होत्या. मी त्याला कायम चर्चची वाट समजत आले होते. पण चाकोऱ्या चर्चकडे जात नव्हत्या. त्या आडव्या, उत्तर-दक्षिण गेल्या होत्या.

"हा रस्ता आहे!" मी ओरडले, लायब्ररीत असूनही. "बाबा, रस्ता फलक आणि चर्चच्या मधे आहे. म्हणजे फलक पलीकडे होता, शेताच्या बाजूला!"

"पश्चिमेच्या हद्दीवर. नंतर कोणीतरी तो रस्ता ओलांडून पूर्वेच्या हद्दीवर आणला. बरोबर एक साखळी सरकला. मजकूर मात्र तोच राहिला. कार्लसनने एक साखळी सरकलेल्या जागेवरून दोन साखळ्या मोजल्या आणि एक साखळी पुढे जाऊन खणलं." ते हसले. "मी आपला गावठी साखळी घेऊन चाललो आणि आयता जागेवर पोचलो."

"पण सरकवला कधी?"

"खांबांच्या बुडाचं काँक्रीट बघितलंस? त्यात तांबूस गोटे आहेत. शेजारच्या, रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या मोरीच्या काँक्रीटमध्ये अगदी तसेच, आणि मोरीवर साल कोरलंय. १९५६."

फाईलमधली दुसरी गोष्ट त्याच सालचा कागद होता. रस्ता डांबरी करताना फलक यंत्राच्या धक्क्याने पडला, आणि 'तो पूर्वीच्याच जागी पुन्हा उभा केला आहे,' असं लिहून दिलेलं. खाली सही ठसठशीत, जपून केलेली.

वॉल्टर क्रॉली. काउंटी रस्ते पथक.

"क्रॉली," मी म्हटलं. "एडनाचे यजमान. ते जाऊन आठ वर्षं झाली. चर्चचे वडीलधारे, म्हणजे कारभार बघणारे पंच होते ते, बाबा. सगळं गाव त्यांना मानायचं."

बाबांनी कागद घडी न मोडता फाईलमध्ये ठेवला. "आता जायलाच हवं," ते म्हणाले, पण लगेच उठले नाहीत.

५

एडनाबाई चर्चच्या मागच्या बाजूला पानं गोळा करत होत्या. बारीक चण, पुरुषी बूट, केस रुमालात बांधलेले. शेजारी एकचाकी हातगाडी उभी होती.

बाबांनी टोपी काढली. "मिसेस क्रॉली, मी जमिनी मोजणारा माणूस आहे. चोर पकडायला आलेलो नाही."

त्यांनी आमच्याकडे बघितलं, मग गाडीच्या चाकाकडे. "तळघरात आहे," त्या सरळ म्हणाल्या. "जुन्या बाकांच्या मागे. रजईत गुंडाळून ठेवलाय, ओरखडा येऊ नये म्हणून. बुधवारी संध्याकाळी पाऊस थांबल्यावर काढला. दोघंजण गाडीतून हात हलवून गेले. म्हातारी साफसफाई करतेय असं वाटलं असेल."

"एकट्या?"

"वॉल्टरचा पाना होता. बोल्टवर दोन दिवस आधीपासून तेल सोडत होते." त्या पायरीवर बसल्या. "तुम्हाला कळलं ना कुठे आहेत ते?"

"अकरा. दव सांगून गेलं."

त्यांच्या तोंडून हुंदका फुटला, पण एकच. मग त्या सलग बोलत राहिल्या. १९५६ साली वॉल्टर रस्ता सपाट करायचं यंत्र चालवत होता. धक्का लागून फलक पडला. पश्चिमेच्या कडेला गटार खणलेलं, तिथे उभा करायला जागा नव्हती. मुकादम घाई करत होता. वॉल्टरला वाटलं, चर्चच्या अंगणात लावला तर वाचणाऱ्याला सोयीचं. त्याने लावला आणि छापील कागदावर सही केली. मजकुरात अंतर दिलेलं आहे हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं, आणि तोवर तो चर्चचा वडीलधारा झाला होता.

"तो दर वर्षी म्हणायचा, या वर्षी सांगतो. मरताना माझ्याकडून वचन घेतलं, मी कोणाला सांगणार नाही. मी दिलं. जागा त्यानेच दाखवून ठेवली होती, म्हणून त्या गवतावर मी कधी मशीन घातलं नाही. पण गेल्या महिन्यात त्या मुलाने चुकीच्या जागी खणलं आणि सगळे म्हणायला लागले, गोष्टच खोटी. सोमवारी शेरा पडणार. मग त्यांच्यावरून ट्रक जाणार." त्यांनी हातमोजे काढून मांडीवर ठेवले. "सांगता येत नव्हतं आणि गप्प बसवत नव्हतं. विचार केला, फलक आहे तोवर त्याच्याकडे कोणी बघत नाही. नाहीसा झाला तर बघायला येतील. कोणीतरी नीट बघणारा येईल. नाहीतर रविवारी रात्री परत लावायचा आणि देवाला सांगायचं, मला जमलं नाही."

बाबा अगदी हळू म्हणाले, "मॅडम, पटकी म्हणजे काय ते मला माहीत आहे. माझ्या लहानपणी आमच्या गावात आली होती. लोक घर सोडून पळतात. आणि इथल्या लोकांनी परक्या माणसांना आत घेतलं, पुरलं, वर अंतर मोजून लिहून ठेवलं. नावंसुद्धा माहीत नसलेल्या माणसांसाठी. मी पस्तीस वर्षं हद्दी मोजल्या, पण त्या सगळ्या भांडणासाठी. अशी मोजणी मी पहिल्यांदा बघतोय. आणि तीस वर्षं त्यांच्यावरचं गवत हाताने कापणारं माणूसही."

एडनाबाईंचा हात पुढे आला आणि बाबांनी तो दोन्ही हातांत घेतला.

"फोटो आणि काँक्रीट एवढ्यावर माझं काम भागतं," बाबा म्हणाले. "फलक सरकला हे मी सांगेन. कोणी सरकवला, कोणी काढला, ते कागदावर यायची गरज नाही."

६

रविवारी प्रार्थनेनंतर पास्टरांनी बाबांना पुढे बोलावलं. चर्च भरलेलं होतं. रॉय दाराशी उभा, कार्लसन शेवटच्या बाकावर हाताची घडी घालून. फलक भिंतीला टेकवलेला, रजईसकट. बाबांनी फोटो दाखवला, एक साखळी आणि दोन साखळ्यांचा हिशेब समजावून सांगितला. ठरल्याप्रमाणे कोणाचंही नाव घेतलं नाही.

"पण मग हलवला कोणी?" मागून एकाने विचारलं.

बाबांनी फोटो खाली ठेवला. मी खाली बघितलं.

"माझ्या नवऱ्याने," एडनाबाई उभ्या राहिल्या. "आणि गुरुवारी सगळे ज्याला शोधत होते तो चोर मी."

त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. आवाज कुठेही चढला नाही की बसला नाही. शेवटी म्हणाल्या, "वॉल्टरला दिलेलं वचन मी आज मोडलं. तो भला माणूस होता. एकदा घाबरला आणि मग घाबरतच राहिला. त्याच्या वतीने मी तुमची आणि त्या अकरा जणांची माफी मागते."

रॉय बेकर आपल्या जड बुटांनी मधल्या वाटेने चालत आला आणि एडनाबाईंच्या शेजारी बाकावर बसला. त्यांच्या खांद्यावर त्याने हात टाकला.

सोमवारच्या मीटिंगमध्ये शेरा पडला नाही. कार्लसननेच पडू दिला नाही. बुधवारी विद्यापीठातली तीन माणसं आली, त्यांनी ओल्या पट्ट्यांवरचं गवत अलगद काढून वरची माती बोटभर खरवडली. पिवळसर मातीत गडद चौकोन उमटत गेले. अकरा. डोकी सगळी पश्चिमेला असावीत, म्हणजे उठून बसली तर तोंड उगवतीला, असं त्यांच्यातली बाई म्हणाली. शेवटचा चौकोन तीन फुटांचाही नव्हता. त्याच्यापाशी ती बराच वेळ नुसतीच बसून राहिली, आणि मग त्यांनी काही न खणता सगळं पुन्हा झाकलं.

दुपारी कार्लसनने चर्चच्या पायरीवर रस्त्याचा नकाशा पसरला. वाऱ्याने उडू नये म्हणून बाबांनी एक कोपरा धरला, रॉयने दुसरा.

"पूर्वेला येता येत नाही," कार्लसन म्हणाला. "पश्चिमेला शेत आहे."

"माझंच आहे," रॉय म्हणाला. "एकशे चाळीस फूट घे."

कार्लसनने मान वर करून त्याच्याकडे बघितलं, मग खिशातून पेन्सिल आणि रबर काढलं. चर्चच्या अंगणातून जाणारी रेघ खोडली. पट्टी ठेवली आणि रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला नवी रेघ ओढली. दोन मिनिटंही लागली नाहीत.

एडनाबाई वाकून बघत होत्या. "झालं?" त्यांनी विचारलं. "एवढंच?"

"हो मॅडम," कार्लसन म्हणाला. "एवढंच."

त्यांनी त्या रेघेवर बोट ठेवलं, टोकापासून टोकापर्यंत सावकाश फिरवलं, आणि मग सगळ्यांच्या देखत, तीस वर्षांचं, मोठ्याने रडल्या.